दोन पौंड हवा

नाशिकला द्वारकेच्या चौकापासून थोडं आत माझं गॅरेज होतं. एकतीस वर्षं चाललं, दोन वर्षांपूर्वी बंद केलं. तिथे आलेल्या बहुतेक वाहनांना तीन चाकं होती. प्रवासी रिक्षा, माल वाहणाऱ्या रिक्षा, मागे पिंजरा बसवलेले टेम्पो. प्रत्येक वाहनाचं एक जॉब कार्ड मी स्वतःच्या हातानं भरत असे. गॅरेज बंद करताना अवजारं विकली, कार्डं ठेवली.

कार्डं भरायची सवय गॅरेजमधली नाही, छापखान्यातली आहे. गॅरेजच्या आधी पाच वर्षं मी एका स्थानिक दैनिकाच्या छपाई यंत्राची देखभाल करत होतो. यंत्र बंद पडलं की वृत्तसंपादक स्वतः खाली यायचे आणि दुरुस्तीचा अहवाल लेखी मागायचे. बातमीला लावायचे तोच नियम ते माझ्या अहवालाला लावत. काय झालं ते आधी, का झालं ते मागाहून. कुणी काही सांगितलं असेल तर त्याच्याच शब्दांत. एकदा मी ‘तेल नेहमीप्रमाणे घातले’ असं लिहिलं. त्यांनी तो शब्द लाल पेन्सिलीनं खोडला आणि विचारलं, “नेहमीप्रमाणे म्हणजे कशाप्रमाणे?” मी मापाचं भांडं दाखवलं. “मग भांडं लिहा,” ते म्हणाले.

म्हणून माझ्या कार्डावर तीन रकाने होते. तक्रार, तपासणी, निकाल. तक्रार गिऱ्हाइकाच्या तोंडची, अवतरणात. पुष्कळदा रोग तिथेच सापडायचा. लासलगावचा एक टेम्पोवाला आला होता. त्याची तक्रार मी उतरवून घेतली ती अशी: “मोकळी असली की सरळ जाते. कांदा भरला की गटाराकडं ओढते.” पुढचं चाक, कमानी, बेअरिंग, सगळं तपासलं. सगळं ठीक. शेवटी त्याच्याबरोबर बाजार समितीत गेलो आणि गोण्या भरताना पाहिलं. तो ओट्याला गाडी लावायचा आणि ओट्याकडच्या बाजूनं थप्पी रचत यायचा. पलीकडे हात पोचेना की तिथे थांबायचा, म्हणजे सगळा भार एकाच बाजूला. बारा वर्षं तो असाच माल भरत होता. दोष गाडीत नव्हता, सवयीत होता. गाडी दुरुस्त करता येते. सवय दुरुस्त करायला माणूस हजर लागतो आणि तो कबूल व्हावा लागतो.

हे मला माहीत होतं. तरीही ज्या वाहनाबद्दल लिहितो आहे, त्याच्या बाबतीत मी चुकलो.

ते पिकअपमध्ये घालून विंचूरकडून आलं. तीन चाकं होती, पण रिक्षा नव्हती. छप्पर नाही, दार नाही, नंबरप्लेट नाही. मोटारसायकलसारखं हँडल आणि बैठक, पुढे एक चाक, मागे दोन, आणि तिन्ही चाकांना फुगलेल्या उशांसारखे जाड टायर. टाकीवरचं कंपनीचं नाव घासून गेलेलं. वाळूत, चिखलात, ढेकळांत कुठेही चालावं म्हणून परदेशात एके काळी अशी वाहनं बनत. पुढे ती उलटतात म्हणून बनवणं थांबलं. त्यांतलं हे एक कुठल्याशा परदेशी कंत्राटदाराबरोबर इकडे आलं, भंगाराच्या लिलावात निघालं आणि रंगनाथ आप्पांनी ते उचललं.

आप्पा विंचूरजवळचे द्राक्ष बागायतदार. तेव्हा साठीला आलेले, अंगानं सडपातळ, आवाज मात्र दोन शेतं ओलांडून जाणारा. “मिस्तरी, ही बागेच्या ओळींतून फिरली पायजे,” ते म्हणाले. “ट्रॅक्टर लय रुंद पडतो आन पायी फिरायला दिवस जातो.”

बाहेरच्या माणसाला वाटतं, अशा वाहनाचे भाग मिळत नाहीत हीच मोठी अडचण. ती सर्वांत लहान. बेअरिंगला देश नसतो. आतलं माप, बाहेरचं माप आणि जाडी जुळली की झालं. तेल अडवणारी रबरी सीलं तशीच. पिस्टन एका देशी मोटारसायकलचा घेतला, सिलिंडरला नवं अस्तर घालून त्याच्या मापाचं करून घेतलं. कार्बोरेटरही देशीच बसवला. दोरी ओढून इंजिन सुरू करायची सोय होती, ती दोरी सडलेली. तिथे विहिरीच्या पोहऱ्याला वापरतात तसली नायलॉनची दोरी बसवली. सहाव्या दिवशी इंजिन चालू झालं.

खरी अडचण रचनेत होती. रिक्षा वळते तेव्हा बाहेरचं चाक जास्त फिरतं आणि आतलं कमी. मागे एक दंतचक्रांची पेटी असते, ती हा हिशेब सांभाळते. या वाहनाला ती पेटीच नव्हती. मागची दोन्ही चाकं एकाच अखंड दांड्यावर, म्हणजे दोन्ही सारखीच फिरणार. नुसतं हँडल वळवलं तर ते सरळच जातं. उजवीकडे वळायचं तर डाव्या पायानं पावदान दाबायचं, अंग उजवीकडे झुकवायचं आणि आतलं चाक हलकं करायचं. मग ते मुकाट्यानं वळतं. डावीकडे वळायचं तर उलट.

आणखी दोन गोष्टी. एक, पाय कधीही जमिनीला टेकवायचा नाही. मोटारसायकलवाला तोल गेला की पाय टेकवतो. इथे मागचं चाक त्याच टाचेवर चढतं. दुसरी, हवा. या वाहनाला स्प्रिंग नाहीत, जे काही झेलायचं ते टायरनं झेलायचं. म्हणून हवा अगदी कमी हवी, दोन पौंडांच्या किंचित वर. रिक्षाच्या चाकात असते तिच्या दहावा हिस्साही नाही. एवढी कमी हवा मोजणारं मीटर माझ्याकडे नव्हतं. पंक्चरवाल्याचं मीटर दहापासून सुरू होतं. मी अंगठ्यानं दाबून अंदाज घेतला.

आप्पांना गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत तासभर शिकवलं. ते पटकन शिकले. टायर जुने होते, आत नव्या ट्यूब घातल्या होत्या. घरी गेल्यावर हवा उतरली तर काय करायचं, म्हणून कार्डाच्या खालच्या चिठ्ठीवर सूचना लिहिल्या. तेल किती, साखळी किती सैल, सगळं आकड्यांत. शेवटची ओळ अशी: ‘हवा नेहमीप्रमाणे ठेवावी.’

माझ्याजवळ आकडा मोजायचं साधन नव्हतं, म्हणून मी तो शब्द लिहिला.

तीन आठवड्यांनी कळलं की वाहन बांधावर उलटलं. आप्पांचा उजवा पाय नडगीत दोन ठिकाणी मोडला. टाच चाकाखाली गेली होती. मी रुग्णालयात जाऊन आलो. आप्पा म्हणाले, “चूक माझी. पाय टेकवला.” ते बरोबर होतं, मी तसं शिकवलंच होतं. परत येऊन कार्डावर लिहिलं: ‘वाहनात दोष नाही. चालकाने पाय खाली टेकवला.’ आणि कार्ड बांधून ठेवलं.

तीन वर्षांनी, भाद्रपदात, आप्पांच्या पत्नी गॅरेजमध्ये आल्या. शकुंतलाकाकू. नाशिकला दवाखान्याचं काम होतं, ते आटोपून एकट्याच रिक्षानं आल्या होत्या. स्टुलावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “ती तीन चाकांची परत चालू करून द्या, भाऊ.”

मी म्हटलं, “काकू, तिनंच तर पाय मोडला.”

“मोडला तो मोडला. त्यात सळई हाय. घरात काठीवर चालतेत, पण ढेकळात उतरता येत नाय.” त्यांनी पेला खाली ठेवला. “हे घरात बसून माणसांवर ओरडतेत. ओट्यावर खाट, खाटेवर फोन. समोरचा म्हणतो बाग चांगली हाय, हे म्हणतेत तू खोटं बोलतो. दोन गडी सोडून गेले. पोरगा पुण्याहून म्हणतो, दसऱ्याला येतो आन बाग खंडानं देऊन टाकतो. दुसऱ्यानं कसायची, आपण वर्षाचा खंड घ्यायचा.”

“आणि आप्पा?”

“ते म्हणतेत, एकदा सगळ्या ओळी डोळ्यांनी पाहू द्या, मग द्यायची तर द्या. उचलून नेतो म्हटलं तर कुणाच्या खांद्यावर बसायचे नाय. दसऱ्यानंतर छाटणी. छाटणीच्या आधी बघितलं नाय तर मग कधीच नाय.”

मी नवीन कार्ड घेतलं. तक्रारीच्या रकान्यात काकूंचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं: “हे घरात बसून माणसांवर ओरडतेत.”

“हे काय लिहिलं?” त्यांनी विचारलं.

“तक्रार.”

“बरोबर हाय,” त्या म्हणाल्या.

मी लगेच होकार दिला नाही. नकार द्यायला कारण होतं. मधल्या काळात एक जण पर्यटकांना मळ्यातून फिरवण्यासाठी असंच वाहन कुठून मिळेल का, आणि मी सांभाळीन का, विचारायला आला होता. त्याला मी उभ्यानंच परत पाठवलं होतं. पण पर्यटकाला त्या वाहनावाचून काही अडत नव्हतं. आप्पांचं सगळंच अडलं होतं. मी काकूंना सांगितलं, आधी पाहतो, मग बोलतो.

रविवारी त्यांच्या मळ्यावर गेलो. वाहन ताडपत्रीखाली होतं, बैठकीवर कोंबड्या बसत असाव्यात. टायर बसलेले. एका चाकाचा व्हॉल्व्ह पाहताना लक्षात आलं की त्याची टोपी नवी आहे, मी दिली होती ती नाही. आप्पा खाटेवरून पाहत होते.

“हवा कुठे भरली होती?” मी विचारलं.

“स्टँडजवळ. तुमच्याकडून आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी एक चाक उतरलं. पंक्चरवाल्याला तुमची चिठ्ठी दिली.”

“किती भरली त्यानं?”

“चिठ्ठीत होतं तेवढी. नेहमीप्रमाणे. पंचवीस.” आप्पांनी आठवून सांगितलं. “तो म्हणाला, बाकीची दोन लयच बसलेली हायत, ती पण करून देतो. टायर कसे नगाऱ्यासारखे टणक झाले. मला बरंच वाटलं.”

पंचवीस पौंड हवेचा तो टायर काही झेलत नाही, उसळतो. बांधावर पुढचं चाक उसळलं असणार, तोल गेला असणार, आणि चाळीस वर्षं मोटारसायकल चालवलेल्या माणसानं पाय टेकवला. पंक्चरवाल्याचं चुकलं नव्हतं. त्याच्या दुकानात ‘नेहमीप्रमाणे’ म्हणजे पंचवीसच. चूक त्या एका शब्दाची होती आणि तो शब्द कसा टाळायचा हे मला फार पूर्वी शिकवलेलं होतं.

मी ते तिथेच, त्याच क्रमानं सांगितलं. आकडा काय हवा होता, मी काय लिहिलं, त्यामुळे काय झालं.

काकू दारात होत्या. “म्हणजे चिठ्ठीनं पाय मोडला?”

“चिठ्ठीनं आणि सवयीनं.”

आप्पांनी नडगीवरून हात फिरवला. मग म्हणाले, “तीन वर्षं मी पोराला सांगतोय, माझीच चूक. अर्धी होती म्हणायची.” आणि थोड्या वेळानं, “मिस्तरी, या खेपेला आकडा लिहा.”

वाहन गॅरेजमध्ये आणलं. इंजिनाचं काम चार दिवसांचं. पावदानांच्या मागे जाड पत्र्याचे आडोसे बसवले, म्हणजे पाय घसरला तरी टाच चाकापर्यंत जाणार नाही. वेगाच्या मुठीला स्क्रू लावून ती अर्ध्यावर अडवली. माणूस भरभर चालतो त्याहून जरा जास्त, एवढाच वेग राहिला.

मग हवा. दोन पौंड मोजायचे कशानं, यावर दोन दिवस गेले. उत्तर शेजारच्या औषधाच्या दुकानात मिळालं. दुकानदार रक्तदाब मोजत होता. तेही हवेच्या दाबाचंच माप. फक्त पौंडाऐवजी पाऱ्याच्या उंचीत. हिशेब केला तर आमच्या टायरला हवा होता एकशे चौदा. निरोगी माणसाचा वरचा आकडा जवळपास तेवढाच असतो. दुकानदाराकडून एक जुनं यंत्र मागून घेतलं, त्याची रबरी नळी सायकलच्या व्हॉल्व्हच्या तुकड्यावर चढवली आणि तिन्ही चाकांचा रक्तदाब घेतला. गॅरेजमध्ये आलेला एक रिक्षावाला ते पाहत होता. “गोळी चालू करायची का?” त्यानं विचारलं.

पण मळ्यात कुणी रक्तदाबाचं यंत्र घेऊन बसणार नव्हतं. द्राक्षाच्या काड्या बांधायची सुतळी घेतली. हवा अचूक असताना चाकाभोवती गुंडाळली आणि जिथे दोन टोकं भेटली तिथे दोन्हीकडे गाठ मारली. गाठी एकमेकींना टेकल्या तर हवा बरोबर. मध्ये फट पडली तर हवा जास्त. एकीवर एक चढली तर कमी. पुढच्या चाकाची सुतळी वेगळी, मागच्यांची वेगळी. वाचता न येणाऱ्यालाही कळेल आणि दोन माणसांना दोन अर्थ लागणार नाहीत.

दसऱ्याला आठ दिवस असताना वाहन मळ्यात उतरवलं. खळ्यावर आप्पांना बसवलं. उजवीकडचं वळण सुरेख घेतलं. डावीकडे वळताना उजव्या पावदानावर भार द्यावा लागतो, आणि सळई घातलेला पाय तो भार घेईना. वाहन सरळ गव्हाणीवर जाऊन टेकलं. म्हशीनं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच झालं.

आप्पांनी इंजिन बंद केलं. “राहू द्या, मिस्तरी. पोराला फोन करतो.”

यावर माझ्याकडे उपाय नव्हता. ती दंतचक्रांची पेटी बसवायची तर मागचा सगळा सांगाडा कापावा लागला असता, आणि दिवस आठ होते. मी तसं सांगितलं.

काकू ओट्यावर शेंगा फोडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “आमच्या बापाचा एक बैल डावीकडं वळायचाच नाय. म्हणून काय शेत पडीक ठेवलं का?”

“काय करायचे मग?” मी विचारलं.

“उजवीकडंच वळवायचे. नांगराचं पहिलं तास धरून वर जायचे, पार सहाव्या तासानं खाली यायचे. मग दुसऱ्यानं वर, सातव्यानं खाली. तिसऱ्यानं वर, आठव्यानं खाली. सगळं रान व्हायचं.”

मी शेंगांची टरफलं मांडून पाहिलं. बरोबर होतं. वर जाऊन उजवीकडे, खाली येऊन पुन्हा उजवीकडे. प्रत्येक वेळी एक ओळ पुढे सरकत. डावं वळण कुठेच लागत नव्हतं. चार इयत्ता शिकलेल्या बाईंनी माझं यंत्रशास्त्र ओलांडलं होतं.

“म्हणजे मी बैल?” आप्पा म्हणाले.

“बैल ऐकायचा तरी,” काकू म्हणाल्या.

तिघांनी चाकांना सुतळ्या लावून पाहिल्या. गाठी जुळत होत्या. आप्पा पहिल्या ओळीत शिरले. मी आणि काकू बांधावर उभे राहिलो. बाग वेलींनी भरलेली होती, ते दिसेनासे झाले. फक्त इंजिनाचा आवाज वर जायचा आणि पाच ओळी पलीकडून खाली यायचा. खालच्या वळणावर डोकं दिसायचं, पुन्हा नाहीसं व्हायचं. काकू ओळी मोजत होत्या. दोन. सात. तीन.

आठव्या ओळीत, मधोमध, आवाज थांबला.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी धावलो. माझं वय तेव्हा साठ होतं आणि ती ओळ मला फार लांब वाटली.

आप्पा बैठकीवर बसलेले होते. डोक्यावरचं एक पान उलटं करून पाहत होते. इंजिन त्यांनीच बंद केलं होतं. मी पहिल्यांदा खाली पाहिलं. वाहन उभं होतं, माणूस मान वर करून भलतीकडे बघत होता, आणि दोन्ही पाय पावदानावर होते.

“तांबेरा,” पान माझ्यापुढे धरून आप्पा म्हणाले. पानाच्या खालच्या अंगाला हळदीसारखी पूड होती. “रोज फोनवर ऐकतोय, बाग चांगली हाय, बाग चांगली हाय. कुणी पान उलटून बघितलंय का?” मग मान वळवून, दोन शेतं ओलांडणाऱ्या आवाजात त्यांनी पंपावरच्या गड्याला हाक मारली. तो माणूस पलीकडच्या बांधावरून पळत आला.

दसऱ्याला मुलगा आला. तो कमी बोलणारा, सरळ माणूस आहे. त्याची काळजीही खोटी नव्हती. त्यानं वडिलांना बागेत एक फेरी घालताना पाहिलं, आडोसे हलवून पाहिले, मला चार प्रश्न विचारले. मी आकड्यांत उत्तरं दिली. वाहन अजूनही उलटू शकतं, हेही सांगितलं. त्यानं वडिलांसाठी हेल्मेट आणलं आणि खंडाचा विषय एका वर्षापुरता बाजूला ठेवला. त्याला आता तीन वर्षं होत आली. विषय पुन्हा निघालेला नाही.

पाय मोडल्याची खंत आहे. ती चार दिवसांच्या कामानं फिटण्यातली नाही. जुनं कार्ड काढून ‘वाहनात दोष नाही’ या ओळीखाली मी तारीख घालून लिहिलं: ‘सूचनेत दोष होता. सूचना माझी.’

नवं कार्ड मात्र बरेच दिवस अपुरं होतं. तपासणीच्या रकान्यात सगळं भरलेलं, निकालाचा मोकळा. गॅरेज बंद करायच्या आठवड्यात काकूंचा फोन आला. मागच्या चाकाची सुतळी उंदरानं कुरतडली, दुसरी पाहिजे होती. मागे कुणीतरी मोठ्यानं बोलत होतं.

“आप्पा कसे आहेत?” मी विचारलं.

काकूंनी फोन कानापासून दूर धरला असावा. इंजिनाचा आवाज आला आणि त्यावर चढलेला आप्पांचा.

मी कार्ड पुढे ओढलं. वर तक्रार होती: “हे घरात बसून माणसांवर ओरडतेत.” खाली लिहिलं: निकाल — आता बागेत जाऊन ओरडतात.